जाऊबाईंना दिलेल्या दोन गोळ्या

पहिल्यांदा भीती आली ती सकाळी पावणेसातला, दूध केंद्रावर. मी गावच्या दूध संकलन केंद्रात, दुधाला किती फॅट आहे ते मशीनवर काढायचं काम करते. समोर किटल्या घेऊन पंधरावीस माणसं उभी होती. मशीनवर आकडा आला आणि तो मला वाचता येईना. दिसत होता, पण कळत नव्हता. छातीत कुणीतरी मूठ आवळली. हाताची बोटं बधिर झाली, कानात पाण्याची मोटर चालू केल्यासारखा आवाज सुरू झाला. मला अगदी स्पष्ट वाटलं, मी आता मरणार. इथंच, या किटल्यांपुढं.

मेले नाही. दहा मिनिटांनी सगळं ओसरलं आणि मी घामानं चिंब होऊन खुर्चीत बसलेली होते. कुणीतरी म्हणालं, "उपाशी आल्या असतील." मीही हो म्हटलं.

त्या महिन्यात तसं आणखी चार वेळा झालं. एकदा न्हाणीघरात, एकदा किराणा दुकानात, एकदा तर हसत असताना. आमची वस्ती देवळाली प्रवराच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस. त्या वाटेनं मी वीस वर्षं एकटी आले-गेले, आणि आता मला ती वाट एकटीनं चालवेना. मध्येच झालं तर? कुणाला दिसणार पण नाही, असं वाटायचं. राहुरीला कार्डिओग्राम काढला, नगरला जाऊन हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. मानसोपचार तज्ज्ञांना भेटा." घराजवळ आल्यावर नवरा मोटारसायकल थांबवून म्हणाला, "जाऊ आपण. पण कुणाला सांगू नको."

नगरच्या मानसोपचाराच्या डॉक्टर साठीच्या आसपासच्या बाई होत्या. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं. या आजाराला नाव आहे, तो बरा होतो, आणि यात माणूस मरत नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला रडू आलं. त्यांनी दोन गोळ्या लिहिल्या. एक रोज सकाळची. तिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, पण खरं औषध तेच, आणि ते बरेच महिने चालेल. दुसरी छोटी, पांढरी. ती अर्धी, रात्री, फक्त तीन आठवडे. सकाळच्या गोळीचा जम बसेपर्यंतचा आधार म्हणून.

या छोट्या गोळीबद्दल त्या खूप वेळ बोलल्या. ती लवकर आराम देते आणि म्हणूनच तिची सवय लागते. मनानं वाढवायची नाही आणि मनानं एकदम बंदही करायची नाही. घेतल्यावर गाडी चालवायची नाही. दुखण्याची, सर्दीखोकल्याची, झोपेची दुसरी कुठलीही गोळी घ्यायची तर आधी त्यांना फोन करायचा. "आणि ही दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. सख्ख्या बहिणीला सुद्धा. काय काय सांगितलं मी? म्हणून दाखवा." मी शाळेतल्या मुलीसारखं सगळं म्हणून दाखवलं.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

त्या रात्री अर्धी गोळी घेतली. अर्ध्या तासात छातीतली मूठ सुटली. इतके दिवस मी श्वास वरवर घेत होते हे मला तेव्हा कळलं. सकाळच्या गोळीनं मात्र नुसती मळमळ. नवव्या दिवशी मी ती सोडून दिली. तीन आठवड्यांनी नगरला जायचं होतं, तेव्हा उसाला तोड आली आणि वस्तीवर गडबड सुरू झाली. शिवाय जाऊन सांगायचं काय, की खरं औषध सोडलं आणि आधाराचं धरलं? गेले नाही. औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवली. दुकानदार म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी नवी आणा," आणि स्ट्रिप दिली. पुढच्या वेळी त्यानं नाही म्हटलं, तर मी दुसऱ्या बाजारगावात दुसरं दुकान शोधलं. नवऱ्याला वाटत होतं, गोळ्या कधीच संपल्या.

अर्धीची एक झाली. मग केंद्रावर जायच्या आधी एक लागायला लागली, पुढं दुपारची एक. आठ महिने गेले. एका सकाळी स्कूटीवरून केंद्राकडं निघाले होते. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, समोरून येत होता. मला तो दिसत होता. बाजूला व्हायला हवं हेही कळत होतं, पण हात ते काम करायला इतका वेळ लावत होते की ड्रायव्हरनंच ब्रेक मारून शिवी दिली. उसाची टिपरं माझ्या हेल्मेटला घासून गेली. मी पुढं जाऊन गाडी थांबवली. घाबरायला हवं होतं. पण मला काहीच वाटलं नाही, आणि मी तेच चांगलं समजले.

आता जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या. अंगण एकच, घरं समोरासमोर. आवाज असा की लांब विहिरीच्या मोटरीवर असलेल्या माणसाला इथून हाक जावी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला गाईजवळ बसता येत नव्हतं. त्यांनी माझा हात धरून धार काढायला शिकवली आणि नंतर वर्षभर सगळ्या पाहुण्यांना ते सांगून हसल्या. मी त्यांना ताई म्हणते. वीस वर्षांत त्यांनी मला हजार कामं सांगितली असतील, पण माझ्याकडं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात ताई गोठ्यात घसरल्या आणि कमर धरली. हाडाच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या कॅप्सूल दिल्या. त्या घेतल्या की गुंगी यायची, पण वेदनेनं झोप मोडायची. एवढी दांडगी बाई भिंत धरून चालायला लागली.

एक दिवस दुपारी मी ओसरीवर बसून गोळी घेतली. ताई समोरून बघत होत्या.

"काय खाती गं रोज दुपारची?"

मी काहीतरी थातुरमातुर सांगणार होते. पण सांगून टाकलं. भीतीचं, डॉक्टरचं, सगळं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

"म्हंजी घेतली की शांत वाटतं?"

"हो."

"झोप लागती?"

"लागते."

मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "मंग मला दे की एखादी. आठ दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई. लई जीव शिणला."

मला डॉक्टरबाईंचे शब्द आठवले. सख्ख्या बहिणीला सुद्धा. ते आठवूनही मी उठले. कारण ही बाई माझ्याकडं मागत होती, आणि माझ्याजवळ तिला देण्यासारखं काहीतरी होतं. कॅलेंडरचा कागद फाडून त्यात दोन गोळ्या बांधल्या.

"एक घ्या. नाहीच झोप लागली तर दुसरी."

तेव्हा दीड वाजला होता.

साडेचारला धारा काढायच्या म्हणून मी हाक मारली. ओ आली नाही. चांगली झोप लागलीय, म्हणून मला आनंद झाला. खरंच झाला. मी आत गेले. ताई खाटेवर उताण्या होत्या आणि घोरत होत्या. पण ते घोरणं वेगळं होतं. एक ओढल्यासारखा आवाज यायचा, मग काहीच नाही. मी वाट बघत उभी राहिले. पुढचा श्वास येत नव्हता. येत नव्हता. मग आला.

ओठ जांभळट पडले होते. मी खांदे धरून हलवलं, गालावर मारलं. डोळे अर्धे उघडले, आत नुसतं पांढरं, परत मिटले. उशाशी कॅलेंडरचा कागद मोकळा पडला होता. दोन्ही गोळ्या नव्हत्या. शेजारच्या कॅप्सूलच्या पाकिटातली दोन घरंही फोडलेली होती. मी तो कागद उचलला आणि मुठीत दाबला. आधी कागद उचलला, मग ओरडले. हा क्रम मला अजून आठवतो.

नवरा मोटरीवरून पळत आला. थोरले दीर, म्हणजे ताईंचे मालक, साखर कारखान्यावर गेलेले. शेजाऱ्यांचं पिकअप मिळालं. मागं गोधडीवर ताईंचं डोकं माझ्या मांडीवर. खड्ड्यातून गाडी उडाली की मला त्यांचा श्वास कळायचा नाही, म्हणून मी नाकापुढं तळहात धरून बसले होते. "ताई, घ्या. ताई, श्वास घ्या," असं मी म्हणत होते. माझी स्वतःची मूठ छातीत आवळली होती, पण या वेळी तिच्याकडं बघायलाही सवड नव्हती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं ऑक्सिजन लावला, डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "काही घेतलं का यांनी?"

"कमरेच्या कॅप्सूल चालूत," नवरा म्हणाला.

"आणखी काही? झोपेची वगैरे?" तो माझ्याकडं वळला. "तुम्ही घरी होतात ना?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं. नवरा शेजारी उभा होता, बाहेर शेजारी होते. मला तुरुंग दिसला. थोरल्या दिरांचा चेहरा दिसला. माझ्या मुलीला लोक काय म्हणतील ते ऐकू आलं. आणि आत ताई श्वास घ्यायला विसरत होत्या.

डॉक्टर फोनवर कुणाशी तरी बोलायला लागला. मेंदूत रक्तस्राव असू शकतो, स्कॅनला नगरला हलवू. ते सगळे दुसऱ्याच दिशेला धावत होते आणि त्यांना तिकडं मी पाठवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडं मी बघत राहिले. किती वेळ गेला? मी स्वतःला वीस मिनिटं सांगत आले आहे. जास्तही असेल.

एक वयस्कर सिस्टर सलाईनची बाटली घेऊन माझ्याजवळून चालल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. मूठ उघडून तो चुरगळलेला कागद दाखवला.

"दोन गोळ्या. मी दिल्या. माझ्या आहेत."

सिस्टर मला ओरडल्या नाहीत. दंडाला धरून सरळ डॉक्टरांसमोर नेलं. तोही ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "किती मिलिग्रॅमच्या? किती वाजता? स्ट्रिप आहे?" मी पर्समधून स्ट्रिप काढली. नवऱ्यानं ती पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. आठ महिन्यांचं त्याला त्या क्षणी कळलं.

त्यानंतर सगळं वेगानं झालं. इंजेक्शनं, घशात नळी, रुग्णवाहिका, नगरचा मोठा दवाखाना. ती छोटी गोळी आणि त्या कॅप्सूल एकत्र गेल्या की श्वास मंद होत होत थांबू शकतो, हे तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. वेगवेगळ्या घेतल्या असत्या तर कदाचित नुसती झोप लागली असती. रात्रभर मशीननं श्वास दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली आणि ताईंनी डोळे उघडले. पहिलं वाक्य आलं, ते घोगरं, "घसा लई दुखतोय." मी काचेबाहेर उभी होते. आत जायची माझी हिंमत झाली नाही.

थोरले दीर महिनाभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

घरी आल्यावर मी उरलेल्या सगळ्या गोळ्या शेणाच्या खड्ड्यात टाकल्या. परत या विषाला हात लावणार नाही, असं मनाशी म्हटलं. मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी जगाचा आवाज वाढला. भांडं ठेवलं तरी डोक्यात घण बसायचा. उसाची पानं सळसळली की पाठीवर काटा यायचा. हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडायचा. मला वाटलं, ही माझी शिक्षा आहे, भोगायला हवी. चौथ्या सकाळी केंद्रावर गेले. नमुन्याची बाटली हातात घेतली. ट्यूबलाईटचा उजेड मोठा मोठा होत गेला.

पुढचं आठवतं ते फरशीवर. केसात दूध, तोंडात रक्ताची चव, जीभ चावलेली. भोवती पाय. कुणीतरी म्हणत होतं, "फीट आली, फीट आली."

नवऱ्यानं या वेळी कुणाला विचारलं नाही. सरळ नगरला, डॉक्टरबाईंकडं.

"गोळी कधी बंद केली?" त्यांनी विचारलं.

"चार दिवस झाले."

"रोज किती घेत होता?"

मी खरा आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी काय सांगितलं होतं?"

"एकदम बंद करायची नाही."

"मग?"

"त्या गोळीनं जाऊबाई गेल्या असत्या."

"गोळी आपल्या पायानं चालत गेली नव्हती," त्या म्हणाल्या. "ती तुम्ही दिलीत. ती चूक वेगळी. आता ही दुसरी चूक केलीत, आणि हिच्यात तुम्ही गेला असता. आठ महिन्यांत तुमच्या शरीरानं तिला धरून स्वतःला बसवलंय. आधार एकदम काढला की असं होतं. आता तीच गोळी परत सुरू करायची आणि जिन्यावरून उतरतात तशी एकेक पायरी उतरायची. बरेच महिने लागतील."

मी हात मागं घेतले. "नको. मला तिची भीती वाटते."

"वाटू दे. थोडी असलेली बरी."

दोन दिवस त्यांनी ॲडमिट करून घेतलं. सकाळची गोळी नव्यानं सुरू झाली. छोट्या गोळीचा तक्ता त्यांनी लिहून दिला, आणि नवऱ्याला सांगितलं की गोळ्या यांच्या हातात ठेवू नका, घरातल्या कुणीतरी कुलपात ठेवा, रोजची रोज द्या.

ताई तोपर्यंत घरी आल्या होत्या. मी त्यांच्या नजरेला पडायचं टाळत होते. अंगण ओलांडायला लागू नये म्हणून गोठ्यामागून फिरून जायचे. नवरा गोळ्या घेऊन आला त्या संध्याकाळी, कमरेला पट्टा बांधलेल्या ताई स्वतःच अंगण ओलांडून आल्या. एवढंसं अंतर, पण त्यांना तीनदा थांबावं लागलं.

"आन इकडं त्या गोळ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. "ताई, तुम्ही नका. तुम्ही कशाला..."

"मंग कुनी? ह्येला चावी कुठं ठिवली ते सकाळी आठवत न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मी बी दोन्ही एकदम घेतल्या. तू एक सांगितली हुती. माझं बी डोकं हुतं की न्हाई? वर कॅप्सूल बी दोन खाल्ल्या. तुजा मी राग केला, लई केला. दवाखान्यात पडल्या पडल्या शिव्या दिल्या. आता झालं. बस खाली."

मी बसले आणि खूप रडले. त्या रडू देत उभ्या राहिल्या. त्यांना कमरेमुळं वाकता येत नव्हतं.

तेव्हापासून गोळ्या त्यांच्या लोखंडी कपाटात. तक्ता भिंतीवर, वेळा ठरलेल्या. जिथं अर्धी, तिथं त्या ब्लेडनं कापायच्या, चष्मा लावून, श्वास रोखून, आणि मी पाण्यानं गिळल्यावर जीभ दाखवायला लावायच्या. दर पायरी उतरल्यावर सात-आठ दिवस वाईट जायचे. घाम, धडधड, वचावचा बोलणं. मग अंग सावरायचं आणि पुढची पायरी यायची.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी त्यांच्या दारात गेले. छातीतली मूठ परत आली होती, पूर्वीसारखी, पूर्ण ताकदीनं. "ताई, आजच्या दिवस एक जास्त द्या. फक्त आज. मी मरते बघा." मी त्यांचे पाय धरले. मला आज त्याची लाज वाटते, पण धरले. त्यांचाही चेहरा उतरला. त्या घाबरल्या होत्या, मला दिसत होतं. चावी पदराला बांधलेली होती आणि त्यांचा हात त्या गाठीवर गेला. मग त्यांनी हात काढला, मोबाईल उचलला आणि डॉक्टरबाईंना फोन लावला.

"ही लई घाबरलीय. देऊ का न्हाई, तुमी सांगा. मी मनानं देनार न्हाई."

पलीकडून त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. ताईंनी फोन ठेवला, मला भिंतीला टेकवून बसवलं. "जास्तीची न्हाई. पुढची पायरी दोन आठवडे थांबवायची म्हनल्या. आनि आत्ता हळूहळू श्वास सोडायचा. घ्यायचा कमी, सोडायचा जास्त. माझ्यासंगं कर." ती दांडगी बाई माझ्यासमोर खुर्चीत बसून तोंडानं फू फू करत राहिली. पंचवीस मिनिटांनी मूठ सुटली. जास्तीच्या गोळीशिवाय सुटली, गोळ्या सुरू झाल्यापासून अशी पहिल्यांदाच.

शेवटचा पाव तुकडा घेतला त्याला आता वर्ष होत आलं. मधल्या काळात ताई आपल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून हाडाच्या डॉक्टरांकडं गेल्या, ती टेबलावर ओतली आणि कशाबरोबर काय चालत नाही ते विचारून आल्या. त्यांच्या कॅप्सूल बदलल्या. थोरले दीर एक दिवस "दूध किती फॅटचं लागलं?" असं विचारून गेले. मी आकडा सांगितला. तेवढंच बोलणं झालं, पण झालं. सकाळची गोळी माझी अजून चालू आहे. दर दोन महिन्यांनी नगरला जाते, दरवेळी नवी चिठ्ठी घेते. कधी थांबवायची ते डॉक्टरबाई सांगतील.

भीती मात्र गेली असं नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंकडंच निघाले होते, एकटी. राहुरीच्या स्टँडवर नगरची एसटी लागली. लोक चढायला लागले, आणि मला भीती येताना कळली, पायापासून वर. बोटं बधिर, कानात आवाज. पर्समध्ये एकही गोळी नव्हती. एसटी निघून गेली. मी बाकावर बसून राहिले आणि श्वास सोडत राहिले, घ्यायचा कमी, सोडायचा जास्त. शेजारची बाई माझ्याकडं बघून सरकली. मी मरणार असं वाटत होतं. आधीही इतक्यांदा तसं वाटून मी मेले नव्हते, एवढंच मला ठाऊक होतं, आणि तेही त्या वेळी फारसं उपयोगी पडत नव्हतं.

पुढची एसटी पाऊण तासानं आली. बसायला जागा नव्हती. मी दांडी धरून उभ्यानं नगरला गेले.